दहा लाखांत एक

उपाशीपोटी रक्तातली साखर 100 आली, म्हणजे अंगातल्या पाच लिटर रक्तात ढोबळमानाने 5 ग्रॅम साखर फिरते आहे. फक्त एक चमचा. हाच आकडा 126 वर गेला की डॉक्टर मधुमेहाचं नाव घेतात. तेव्हा रक्तातली साखर असते 6.3 ग्रॅम. मधली वाढ जेमतेम सव्वा ग्रॅमची, पण ती वर्षानुवर्षं टिकली तर डोळे, मूत्रपिंडं, नसा आणि हृदय, सगळ्यांना ग्रासते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीत देशभरातल्या 1 लाख 13 हजार माणसांची तपासणी झाली. 2023 साली त्यावरून अंदाज बांधला गेला: देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही, आणि आणखी 13 कोटी 60 लाख माणसं उंबरठ्यावर.

हे आकडे आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात आणून पाहू. इंडियाबच्या पहिल्या टप्प्यात, 2011 मध्ये, महाराष्ट्राच्या शहरी भागात 10.9 टक्के प्रौढांना मधुमेह आढळला होता. त्याच वर्षीच्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या होती 17 लाख 27 हजार. त्यातले दोन तृतीयांश प्रौढ धरले, तर एकट्या महापालिका हद्दीत सव्वा लाख मधुमेही होतात. हा हिशोब 2011 चा. चाकण त्यात नाही, तळेगाव नाही, आणि नंतर इथे राहायला आलेली लाखो माणसंही नाहीत. पिंपरी-चिंचवडच्या उद्योगाची सुरुवातच औषधाच्या कारखान्याने झाली. हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये 1955 साली पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पेनिसिलिनचा कोर्स संपतो आणि जंतू मरतात. मधुमेहाला असा कोर्स नाही. त्याच्यावर आयुष्यभर मोजमापाची नजर ठेवावी लागते.

आणि मोजमाप हा तर या पट्ट्याचा धर्म. भोसरीच्या छोट्या वर्कशॉपमधला पोरगाही मायक्रॉनमध्ये बोलतो. चाकणच्या व्हेंडरची पत पीपीएमवर ठरते: दहा लाख पार्टमागे रिजेक्ट किती? आता हेच माप आपल्या मूत्रपिंडाला लावून बघा.

दोन्ही मूत्रपिंडांतून मिनिटाला साधारण 600 मिलिलिटर रक्तद्रव जातो. दिवसाला 864 लिटर. प्रत्येक लिटरमध्ये सुमारे 40 ग्रॅम अल्ब्युमिन हे प्रथिन असतं. म्हणजे रोज चौतीस किलोंहून जास्त अल्ब्युमिन या गाळणीसमोरून जातं. त्यातलं लघवीत किती उतरावं? निरोगी माणसात 30 मिलिग्रॅमपेक्षा कमी. भागाकार करा. दहा लाखांत एकाहूनही कमी. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या, चोवीस तास काम, साप्ताहिक सुट्टी नाही, आणि गळती एक पीपीएमच्या आत!

मधुमेहात आधी ही गळती वाढते. 30 ते 300 मिलिग्रॅम हा तिचा पहिला टप्पा. या टप्प्यात पाय सुजत नाहीत, लघवीत फरक दिसत नाही. साध्या लघवीच्या पट्टीलाही ही गळती बहुतेक वेळा पकडता येत नाही. रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढेपर्यंत तर मूत्रपिंडाची जवळपास निम्मी ताकद गेलेली असू शकते. म्हणून लघवीतल्या अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनच्या गुणोत्तराची वेगळी तपासणी सांगावी लागते. नमुना असतो थोड्याशा लघवीचा.

दुसरा आकडा ‘तीन महिन्यांच्या साखरेचा’, म्हणजे एचबीएवनसीचा. अंगात सुमारे 25 लाख कोटी तांबड्या पेशी असतात आणि प्रत्येकीत साधारण 27 कोटी हिमोग्लोबिनचे रेणू. पेशी जगते 120 दिवस. म्हणजे अस्थिमज्जेला सेकंदाला चोवीस लाख नव्या पेशी घडवाव्या लागतात. त्या 120 दिवसांत रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटत राहते आणि सहसा सुटत नाही. शंभरातले साडेसहा रेणू असे साखर लागलेले निघाले की मधुमेह. मधुमेहींमध्ये हे हिमोग्लोबिन वाढलेलं असतं, हे 1968 मध्ये तेहरानमध्ये सॅम्युअल राहबर यांच्या लक्षात आलं. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड टाळून हा आकडा फसत नाही. मात्र रक्तक्षय असेल तर तो चुकीचं चित्र दाखवू शकतो, म्हणून हिमोग्लोबिनही बघायला हवं.

‘मी तर सडपातळ आहे,’ हे उत्तर इथे चालत नाही, आणि ते का चालत नाही हे पुण्यानेच जगाला दाखवलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. इथलं बाळ जन्मतः सरासरी 2.7 किलोचं, इंग्लंडमधलं साडेतीन किलोचं. पण आपल्या बाळाच्या हडकुळ्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त निघालं. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत एकच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

त्यात शिफ्ट. फर्स्ट, सेकंड, नाईट. अंगाला सवय होते न होते तोच आठवडा बदलतो. जगभरातल्या 2 लाख 26 हजार लोकांवरच्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण 2015 साली प्रसिद्ध झालं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांत मधुमेहाची शक्यता 9 टक्क्यांनी जास्त दिसली. फिरत्या शिफ्टवाल्यांत ती 42 टक्क्यांनी.

आता सेफ्टी शूजच्या आत डोकवा. मधुमेहाने नसांना ग्रासलं की पायाची संवेदना जाते. ती तपासायला नायलॉनचा एक साधा तंतू वापरतात. तळव्यावर टेकवून दाबला की तो बरोबर 10 ग्रॅमच्या दाबाला वाकतो. डोळे मिटलेल्या माणसाने ‘लागलं’ म्हणायचं. तो गप्प राहिला, तर धोका आहे. मशीनवरची एखादी धारदार चिप बुटात शिरली, तर आठ तास उभं राहूनही त्याला कळणार नाही. रात्री मोजा काढल्यावर रक्त दिसेल. मधुमेहींपैकी 19 ते 34 टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होते, असा अंदाज आहे.

हे टाळता येतं का? येतं, आणि त्याचेही आकडे आहेत. ब्रिटनमध्ये 1977 पासून वीस वर्षं चाललेल्या, 5,102 रुग्णांच्या अभ्यासात एचबीएवनसी दर एक टक्क्याने कमी असेल तशी डोळे-मूत्रपिंडांच्या गुंतागुंतीची जोखीम 37 टक्क्यांनी कमी दिसली. मधुमेहाशी संबंधित मृत्यूंची 21 टक्क्यांनी.

एचबीएवनसी, लघवीतलं अल्ब्युमिन, डोळ्याच्या पडद्याचा फोटो, पायाला तंतू. मधुमेह असलेल्या प्रत्येक कामगाराला या चार तपासण्या वर्षातून किमान एकदा मिळाल्याच पाहिजेत. कायम असो की कंत्राटी, प्रेस शॉपमधला असो की कँटीनमधला. ज्यांना निदान झालेलं नाही, त्यांची साखर तिशीपासूनच तपासायला हवी. गेज कॅलिब्रेट केल्याशिवाय जिथे एक पार्ट बाहेर जात नाही, तिथे मोजायची शिस्त नव्याने शिकवावी लागत नाही. ती मशीनपुरती न ठेवता माणसापर्यंत न्यायची आहे, आणि गळती एक पीपीएमच्या वर जाऊ लागते तेव्हाच.