कॅज्युअल्टीच्या डॉक्टरची परीक्षा आणि आपले घर

वस्तीतल्या एखाद्या घरातली मुलगी किंवा मुलगा एमबीबीएसनंतर एमडीला लागला की सगळ्या गल्लीला अभिमान वाटतो. तीन वर्षांनी परीक्षा जवळ आली की मात्र घर गोंधळते. टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना ‘परीक्षेनंतर या’ असा निरोप जातो, रात्री उशिरा चहा होतो. याहून जास्त आपण काय करणार, त्यातले आपल्याला काय कळते, असे आई-वडिलांना वाटते. लेखी पेपरांपुरते ते ठीक आहे. प्रात्यक्षिक परीक्षेला मात्र घरातली माणसे लागतात. इमर्जन्सी मेडिसिन, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या शाखेत, तर ती फारच लागतात.

आम्ही काही डॉक्टर आणि परिचारिका रविवारी विहाराच्या सभागृहात अशा मुलामुलींचा सराव घेतो. तिथे जे दिसले, ते घराघरांत पोचावे म्हणून हा लेख.

ही शाखा आपल्याकडे तशी नवी आहे. भारतीय वैद्यक परिषदेने २००९ साली तिला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता दिली. त्याआधी कॅज्युअल्टीत बहुधा नवशिका डॉक्टर बसे आणि रुग्णाला मेडिसिनकडे, सर्जरीकडे किंवा हाडांच्या विभागाकडे पाठवून देई. आज त्या दारातच पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत योग्य ते करणारा तज्ज्ञ घडवला जातो. रात्री दोन वाजता रिक्षातून माणूस घेऊन आपण ज्या दारात पोचतो, तेच हे दार. म्हणून या परीक्षेत कोण आणि कसे तयार होऊन निघते, याच्याशी आपला थेट संबंध आहे.

परीक्षेत काय असते?

प्रात्यक्षिकात साधारणपणे एक मोठी केस असते, काही छोट्या केसेस असतात आणि शेवटी तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा. ईसीजी, एक्स-रे, रक्तातल्या वायूंचे रिपोर्ट, उपकरणे आणि औषधे समोर ठेवून प्रश्न विचारतात. त्याशिवाय ‘ओस्की’ नावाचा प्रकार असतो. एका हॉलमध्ये ओळीने टेबले मांडलेली असतात, त्यांना स्टेशन म्हणतात. प्रत्येक स्टेशनला ठरलेली मिनिटे. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर जायचे. एका ठिकाणी पुतळ्यावर छातीदाब द्यायचा, दुसऱ्या ठिकाणी छातीत दुखणाऱ्या माणसाशी बोलायचे, तिसऱ्या ठिकाणी नातेवाइकाला मृत्यूची बातमी सांगायची.

ही पद्धत स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले डॉ. रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली एका शोधनिबंधातून मांडली. जुन्या पद्धतीत एकाला सोपा रुग्ण मिळे, दुसऱ्याला अवघड. एकाचा परीक्षक मवाळ, दुसऱ्याचा कडक. गुण विद्यार्थ्याच्या कौशल्याला मिळाले की नशिबाला, हे सांगता येत नसे. ओस्कीत सर्वांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ आणि परीक्षकाच्या हातात आधीच ठरलेली गुणांची यादी. ओळखीपाळखीचा, आडनावाचा, इंग्रजीच्या लहेजाचा प्रभाव त्याने पुरता जात नाही, पण कमी होतो. ही यादी कशी चालते हे ज्याला कळले, त्याची निम्मी भीती जाते.

हुशार मुले कुठे अडखळतात?

आमच्याकडे येणाऱ्या मुलांना विषय येत नाही, असे क्वचितच होते. मुले गप्प राहतात, ही खरी अडचण आहे. रुग्णाला ऑक्सिजन लावायचा हे डोक्यात असते, पण तोंडातून निघत नाही. परीक्षकाला डोक्यातले दिसत नाही. जे केले आणि जे बोलून दाखवले, त्यालाच गुण. हात धुतले का, स्वतःचे नाव सांगितले का, तपासण्याआधी परवानगी घेतली का, रुग्णाला वेदना होताहेत हे पाहिले का, या साध्या गोष्टींनाही यादीत जागा असते.

दुसरी अडचण घाईची. ईसीजी पाहताच काही जण ‘हार्ट अटॅक’ म्हणून मोकळे होतात आणि रुग्णाचा श्वास कसा चालला आहे, बीपी किती आहे, हे राहून जाते. तिसरी अडचण दोन भाषांची. रुग्ण सांगतो मराठीत आणि परीक्षकाला सांगायचे असते इंग्रजीत. घरात इंग्रजी बोलायची सवय नसलेल्या मुलाला वाटते, आपण इथेच मागे पडणार. पण रुग्णाची भाषा त्याच्या घरची आहे. ‘छातीत भरून आलंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘हातापायांत मुंग्या येतात’, याचा अर्थ त्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही. इंग्रजीची वीस-पंचवीस वाक्ये रोज मोठ्याने म्हणून तोंडात बसवता येतात. रुग्णाचे बोलणे समजण्याचा कान मात्र महिनाभरात तयार होत नाही.

क्रम कधी मोडायचा नाही

या शाखेचा पाया एका क्रमात आहे: ए, बी, सी, डी, ई. ‘ए’ म्हणजे श्वासाची वाट मोकळी आहे का. ‘बी’ म्हणजे श्वास पुरेसा चालला आहे का. ‘सी’ म्हणजे नाडी, बीपी, रक्तस्राव. ‘डी’ म्हणजे रुग्ण भानावर आहे का, बाहुल्या कशा आहेत, रक्तातली साखर किती. ‘ई’ म्हणजे कपडे बाजूला करून सगळे अंग पाहायचे आणि लगेच पुन्हा पांघरूण घालायचे. एका पायरीवर बिघाड सापडला तर तो सावरूनच पुढे जायचे.

या क्रमाचा प्रसार होण्यामागे एका बापाचे दुःख आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेत नेब्रास्का राज्यात डॉ. जेम्स स्टायनर यांचे छोटे विमान शेतात कोसळले. पत्नी जागीच गेली, मुले गंभीर जखमी झाली. छोट्या रुग्णालयात त्यांच्या मुलांवर जे उपचार झाले, त्यांत कसलीच शिस्त नव्हती. स्टायनर स्वतः हाडांचे सर्जन होते. मोठे तज्ज्ञ नसलेल्या गावातही कोणत्याही डॉक्टरला पाळता येईल असा क्रम हवा, हे त्यांनी लावून धरले. त्यातून १९७८ मध्ये अपघातग्रस्तांच्या उपचारांचा पहिला अभ्यासवर्ग झाला आणि पुढे तो जगभर पोचला. परीक्षेत काहीच सुचेनासे झाले तर मुलांनी ‘ए’पासून सुरुवात करावी, असे आम्ही सांगतो. क्रम धरला की पुढचे आठवत जाते.

घरातला सराव

सरावाला तीन माणसे पुरतात: एक डॉक्टर, एक रुग्ण, एक परीक्षक. आजी रुग्ण होऊ शकते, बाबा घड्याळ धरू शकतात, नववीतला भाऊ यादीवर खुणा करू शकतो. परीक्षा देणाऱ्याने चिठ्ठ्या सहाध्यायीकडून लिहून घ्याव्यात, म्हणजे आत काय आहे ते त्याला आधी कळत नाही. रुग्णाची चिठ्ठी मराठीत असावी आणि तिच्यात ‘हे विचारले तरच सांगायचे’ असा एक भाग असावा. वेळ आठ मिनिटे लावावी. काही नमुने देतो.

पहिली चिठ्ठी: पंचावन्न वर्षांच्या मावशी, तासाभरापासून छातीत दाब, घाम सुटला आहे. विचारले तरच सांगायचे: ‘ॲस्पिरीनने अंगावर गांधी उठतात.’ इथे दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढायचा असतो, हे बोलून दाखवावे. गोळी देण्याआधी ॲलर्जी आणि रक्तस्राव विचारावा. झटका हृदयाच्या खालच्या भागाचा असेल तर जिभेखालची नायट्रेटची गोळी देण्याआधी उजव्या बाजूचा ईसीजी पाहावा, नाहीतर बीपी कोसळू शकते.

दुसरी चिठ्ठी: तरुण मजूर, पहाटेपासून पोटात दुखते, आता पापण्या जड झाल्या आहेत, बोलणे अडखळते. अंगावर जखम नाही. विचारले तरच सांगायचे: ‘रात्री खाली जमिनीवर झोपलो होतो.’ मण्यारीचा दंश असाच असतो. दुखत नाही, खूणही दिसत नाही. ‘कुठे झोपला होतास?’ हा प्रश्न पुस्तक पाठ केलेल्याला सुचेलच असे नाही. आपल्या घरातल्या मुलाला सुचायला हवा. पुढे श्वासावर लक्ष, सर्पविषावरील लस, आणि श्वास थकत चालला तर नळी टाकण्याची तयारी.

तिसरी चिठ्ठी: शेतात फवारणी करणारा माणूस, तोंडाला फेस, बाहुल्या बारीक, छातीत घरघर. आधी स्वतः हातमोजे घालणे, त्याचे कपडे उतरवणे, अंग धुणे. मग ॲट्रोपीन. ते किती द्यायचे हे बाहुल्यांवरून ठरत नाही. छातीतली घरघर थांबली का, नाडी आणि बीपी सावरले का, यावरून ठरते. परीक्षक हे हमखास विचारतात.

चौथी चिठ्ठी: इंगळीचा दंश, हातपाय गार, घाम, धाप. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे बीपीचे औषध प्राण वाचवते, हे जगापुढे मांडले. तालुक्याच्या गावात राहून केलेले हे काम मुलांनी उत्तरात जरूर सांगावे.

पाचवी चिठ्ठी सर्वांत अवघड: अपघातात मुलगा गेला आहे, आईला सांगायचे आहे. बसायला खुर्ची द्यावी, मोबाइल बंद करावा, तिला काय ठाऊक आहे ते आधी विचारावे. मग सरळ शब्दांत ‘त्याचा मृत्यू झाला’ असे सांगावे आणि थांबावे. ‘आम्ही खूप प्रयत्न केले’ एवढेच म्हटले तर आईला अजून आशा वाटते. या सरावात घरच्या बायका जे सांगतात ते कोणत्याही पुस्तकापेक्षा उपयोगी असते. एक मावशी एका मुलाला म्हणाल्या, ‘बाळा, तू बोलताना दाराकडं बघत होतास.’ त्याने ते एका वाक्यात सुधारले.

छातीदाबाचा सराव घट्ट उशीवर होतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसाच्या छातीत ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. ३० दाबांनंतर २ श्वास. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा.

शेवटचे सहा आठवडे

रोज संध्याकाळी दोन स्टेशने मोठ्याने बोलून करावीत. रोज दोन ईसीजी आणि एक एक-रे ठरलेल्या क्रमाने वाचून दाखवावा. चुकलेले एका वहीत लिहून तेच तिसऱ्या दिवशी पुन्हा करावे. झोप मोडू नये. थकलेल्या डोक्याने क्रम पहिल्यांदा सुटतो. आदल्या रात्री ॲप्रन, स्टेथोस्कोप, सेकंदकाट्याचे घड्याळ, ओळखपत्र आणि हॉल तिकीट एका पिशवीत भरावे. एखादे स्टेशन बिघडले तर ते तिथेच सोडावे. पुढच्या टेबलावर नवा परीक्षक असतो आणि मागे काय झाले ते त्याला ठाऊक नसते.

आणि घराला काय मिळते?

सहा आठवडे रुग्ण झालेली आजी कॅज्युअल्टीत गोंधळत नाही. डॉक्टरला काय हवे असते ते तिला कळलेले असते: त्रास कधी सुरू झाला, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, आधीचा आजार कोणता, शेवटचे काय खाल्ले आणि नेमके काय घडले. ही सहा उत्तरे कागदावर लिहून, चालू गोळ्यांची पाकिटे त्याच पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवा.

छातीत दाब आणि घाम असेल तर ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पीत बसू नका; १०८ ला फोन करा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली तर वेळ पाहून ठेवा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. साप चावला तर चिरू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. हात-पाय हलू न देता रुग्णालय गाठा. माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही आणि श्वास घेत नाही, तर छातीच्या मधोमध दाब सुरू करा. उशीवर केलेला सराव इथे कामाला येतो.

ज्यांच्या घरी यंदा अशी परीक्षा आहे, त्यांनी आजपासून संध्याकाळची आठ मिनिटे काढावीत. ज्यांच्या घरी नाही, त्यांनी शेजारच्या घरात जाऊन रुग्ण व्हावे. नर्सिंगच्या आणि रुग्णवाहिकेवर काम करू पाहणाऱ्या मुलामुलींनाही हाच सराव लागतो.