पाणीपुरवठ्यातील डिजिटल तंत्रज्ञान

पाणीपुरवठ्यातील डिजिटल तंत्रज्ञान म्हणजे धरणापासून घरातील नळापर्यंत पाण्याचा प्रवाह, दाब, पातळी व वापर यांची संवेदक आणि संगणक यांच्या साहाय्याने नोंद ठेवून त्या आधारे पुरवठ्याचे नियमन करण्याची पद्धत होय. नळाला चोवीस तास पाणी असणाऱ्या आणि काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरांत ही उपकरणे सारखे काम देत नाहीत. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे दीर्घकाळ दुसऱ्या प्रकारचे शहर राहिले आहे.

कार्यपद्धती

‘स्काडा’ या नावाने ओळखली जाणारी देखरेख व नियंत्रण प्रणाली हा या तंत्रज्ञानाचा कणा आहे. उपसा केंद्रे, जलशुद्धीकरण केंद्र आणि जलकुंभ येथील मापकांच्या नोंदी नियंत्रण कक्षात येतात. तेथूनच पंप व व्हॉल्व्ह चालू-बंद करता येतात. वितरणक्षेत्राचे लहान विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या मुखाशी मोठा मीटर बसवितात. विभागात शिरलेले पाणी आणि ज्याचे देयक आकारले गेले ते पाणी यांतील फरक म्हणजे महसूलबाह्य पाणी. गळती, चोरी, बिघडलेले मीटर व मोफत दिलेले पाणी हे सारे त्यात येते. केंद्र शासनाने २००८ मध्ये ठरविलेल्या सेवा-मानकांनुसार हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत, मीटर असलेल्या नळजोडण्या १०० टक्के आणि पुरवठा २४ तास असावा अशी अपेक्षा आहे.

गळती शोधण्याची एक रीत मोठी साधी आहे. पहाटे दोन ते चारच्या सुमारास घरातील वापर जवळजवळ थांबतो. त्या वेळीही विभागात पाणी शिरत असेल, तर त्यातील बरेचसे जमिनीत मुरत आहे असे समजावे.

खंडित पुरवठ्यातील अडचणी

वरील रीत खंडित पुरवठ्यात निरुपयोगी ठरते. पाणी येते त्या एक-दोन तासांत प्रत्येक घर तोट्या पूर्ण उघडून टाक्या भरत असते. शांत वेळ अशी उरतच नाही. शिवाय दोन पाळ्यांच्या मध्ये वाहिनी रिकामी होऊन तिच्यात हवा भरते. पाणी सुटल्यावर ती हवा आधी बाहेर पडते आणि जाताना मीटर फिरवून जाते. गाळामुळे मीटर अडकतात ते वेगळेच. ग्राहकाने ‘हवेचे पैसे’ देण्यास नकार दिला तर तो हट्ट म्हणता येत नाही. (मलिक अंबर याने सतराव्या शतकात बांधविलेल्या नहर-ए-अंबरी या भूमिगत कालव्यावरही हवेसाठी ठिकठिकाणी उघडी तोंडे ठेवलेली होती.) नळाला थेट मोटार लावली की शेजारच्या घराचा दाब पडतो, तोही वितरणाच्या नोंदींत विकृती आणतो.

छत्रपती संभाजीनगर

शहराला पैठण येथील जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयातून पाणी मिळते. शहर जलाशयापेक्षा शंभर मीटरहून अधिक उंचावर असल्याने पाणी टप्प्याटप्प्याने उपसावे लागते. जुन्या मुख्य वाहिन्या ७०० व १४०० मिलिमीटर व्यासाच्या आहेत. त्या फुटल्या किंवा उपसा केंद्राची वीज गेली की पाण्याचे वेळापत्रक पुढे सरकते.

‘समांतर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेत २०१४ मध्ये खासगी कंपनीकडे पुरवठा सोपविण्यात आला. २०१६ मध्ये महानगरपालिकेने तो करार रद्द केला. नंतर १,६८० कोटी रुपयांची नवी योजना मंजूर होऊन डिसेंबर २०२० मध्ये तिचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा खर्च २,७४० कोटींवर गेला. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे असलेल्या या योजनेत जायकवाडीपासून सुमारे ३९ किलोमीटर लांबीची २५०० मिलिमीटर व्यासाची वाहिनी आहे.

पाणीपट्टी मात्र वापरावर नव्हे, वार्षिक ठोक दराने आकारली जात आली. घरगुती जोडणीसाठीची ४,०५० रुपयांची रक्कम २०२२ मध्ये निम्मी, म्हणजे २,०२५ रुपये करण्यात आली. ठोक दरात कमी वापरणाऱ्याला सवलत नाही आणि गळती कोठे होते हे देयकावरून कळत नाही. दुसरीकडे, आठवड्याला एकदाच पाणी मिळणाऱ्या कुटुंबाकडून मीटरप्रमाणे पैसे मागणेही कठीणच.

या पेचाला सातारा जिल्ह्यात कऱ्हाडलगतच्या मलकापूरने क्रमाने उत्तर दिले. तेथे वाहिन्या बदलून पुरवठा चोवीस तास केला गेला आणि दुरून वाचता येणारे मीटर बसवून वापरानुसार वाढत जाणारे दर लावले गेले. गाव लहान असल्याने हे सोपे गेले, हेही लक्षात घ्यावे लागते.

नकाशे आणि मनुष्यबळ

जुन्या शहरांत कोणती वाहिनी कोठून जाते आणि कोणता व्हॉल्व्ह किती आटे उघडला की वरच्या गल्लीला पाणी चढते, हे ज्ञान बहुधा कागदावर नसून लाइनमनच्या स्मरणात असते. संगणकीय नकाशे तयार करताना त्यांना सोबत घेऊन प्रत्यक्ष जागेवर व्हॉल्व्ह शोधावे लागतात. रस्त्यांच्या डांबरीकरणात त्यांतील कित्येक गाडले गेलेले आढळतात.