रोगसंशोधनात रुग्णाचा वाटा

डोक्यावर भरलेली घागर घेऊन येणारी स्त्री किंवा शेताच्या अरुंद बांधावरून सहज चालत जाणारा शेतकरी पाहून आपणांस नवल वाटत नाही. परंतु त्या साध्या चालण्यामागे केवढी योजना असते! कोणत्या स्नायूने केव्हा आखडावे आणि कोणत्याने केव्हा सैल व्हावे, याचा मेळ डोक्याच्या मागील भागातील लहान मेंदू राखीत असतो. हा मेळ बिघडला म्हणजे पाय फाकून चालावे लागते, हात कापतो, बोलणे अडखळते. या अवस्थेस वैद्यकात ॲटॅक्सिया म्हणतात. अशा माणसास पाहून 'हा दारू प्यालेला दिसतो' असे लोक बोलून मोकळे होतात. निर्व्यसनी माणसास हे बोल रोगाहूनही अधिक झोंबतात. मग तो घराबाहेर पडेनासा होतो आणि घरची माणसेही रोग झाकू लागतात.

झाकलेला रोग शास्त्रास कळावा कसा? याचे उत्तर मुंबईतील एका संशोधनात सापडते. तेथील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी डॉ. स्वामी या सहकाऱ्यासह १९७१ साली 'ब्रेन' नावाच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात नऊ कुटुंबांतील ॲटॅक्सियाचे वर्णन होते. एका वस्तूवरून दुसरीकडे पाहताना आपली बुबुळे क्षणार्धात झेप घेतात. या रुग्णांची बुबुळे मात्र संथपणे सरकत. असा एकच रुग्ण आढळता तर तो योगायोग ठरला असता. एकाच घरातील अनेकांत आणि तेही नऊ घरांत तेच लक्षण दिसले, म्हणून हा वेगळा आनुवंशिक प्रकार आहे असे म्हणता आले.

पुढे १९९६ साली या प्रकाराचे मूळ बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात सापडले. त्यातील तीन अक्षरांचा एक तुकडा बहुतेक निरोगी माणसांत सुमारे २२ वेळा येतो. तो ३३ किंवा अधिक वेळा आला तर रोग उद्भवू शकतो. आज या रोगास एस.सी.ए.२ म्हणतात. डॉ. वाडिया यांनी १९९८ साली अशा सहा भारतीय घराण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या कुटुंबांनी आपल्या घरचे दुःख वैद्यांपुढे उघड केले, त्यांचाही या ज्ञानात वाटा आहे.

रोगाचे मूळ कळले म्हणजे औषध मिळाले, असे मात्र नव्हे. रोग हळूहळू वाढतो. म्हणून औषधाने तो मंदावला की नाही हे ठरविण्यास त्याची मूळची गती ठाऊक हवी. त्यासाठी चालणे, उभे राहणे, बोलणे, बोट नाकास लावणे अशा आठ कसोट्यांवर ४० पैकी गुण देण्याची 'सारा' नावाची पद्धत २००६ साली प्रसिद्ध झाली. वर्षानुवर्षे येऊन अशी तपासणी करून घेणे हाही संशोधनातील सहभागच आहे. त्यात औषध घ्यावे लागत नाही.

दुसरा प्रकार औषधाच्या चाचणीचा. फ्रीडरायखचा ॲटॅक्सिया या रोगावरील ओमाव्हेलोक्सोलोन या औषधाच्या निर्णायक चाचणीत १०३ व्यक्ती होत्या. सुमारे निम्म्यांस खरे औषध आणि इतरांस तशीच दिसणारी निरौषध गोळी दिली गेली; कोणास काय मिळाले हे रुग्णांस वा डॉक्टरांस ठाऊक नव्हते. तुलनेवाचून सत्य कळत नाही, म्हणून हा खटाटोप. २०२३ साली अमेरिकेत त्या औषधास मान्यता मिळाली. ते रोग समूळ घालवीत नाही, त्याची गती मंद करते.

आमच्या लोधीखेड्याकडील माणसे मोठ्या उपचारासाठी बहुधा नागपूरची वाट धरतात. तेथे किंवा अन्यत्र कोणी 'अभ्यासात नाव घालता का?' असे विचारले, तर भिऊ नये आणि भुलूही नये. प्रथम नैतिकता समितीची संमती आहे का, हे विचारावे. संमतिपत्र आपल्या भाषेत समजून घ्यावे. वाचता न येणाऱ्यास तटस्थ साक्षीदारासमक्ष ते समजावून सांगावे लागते. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते आणि जाणत्या मुलाचाही होकार घेतला जातो. संशोधनाच्या तपासण्यांचे पैसे रुग्णाकडून घेऊ नयेत, असा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा दंडक आहे. औषधाच्या चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. भारतातील चाचण्यांची नोंद २००७ पासून एका सार्वजनिक नोंदवहीत होते. ती कोणासही पाहता येते. जो पैसे मागतो आणि खात्रीने बरे करण्याचे वचन देतो, तो संशोधक नव्हे. आणि एकदा होकार दिला तरी केव्हाही माघार घेता येते. त्यामुळे नेहमीचा उपचार थांबत नाही.

एक प्रश्न अधिक नाजूक आहे. एस.सी.ए.२ असलेल्या आईचा किंवा वडिलांचा दोष प्रत्येक अपत्यात येण्याचा संभव निम्मा असतो. 'हे बाहेर कळले तर मुलीचे लग्न कसे जमेल?' ही आईबापांची भीती खोटी नाही. म्हणूनच रुग्णाचे नाव गुप्त ठेवणे हे संशोधकाचे कर्तव्य आहे, आणि निरोगी माणसाने आपली जनुकचाचणी करावी की न करावी हा सर्वस्वी त्याचा अधिकार आहे.

सहभागी होणाऱ्यास स्वतःला लाभ होईलच असे नाही. हे आधीच स्पष्ट सांगणे यातच संशोधनाचा प्रामाणिकपणा आहे. आंब्याचे झाड लावणारा आजोबा फळांचा हिशेब करीत बसत नाही. विद्यार्थीमित्रहो, आपणांपैकी काही उद्या डॉक्टर होतील, काही संशोधक होतील. पण त्यापूर्वी एक गोष्ट आजच आपल्या सर्वांच्या हातची आहे: झोकांड्या खात चालणाऱ्या माणसास हसण्याऐवजी त्यास हात द्यावा. ज्या गावात रुग्णास हसत नाहीत, तेथेच तो आपला रोग झाकून ठेवीत नाही.