शिधा कीं सिद्धान्न ?

भोजनाची सोय करण्याच्या दोन रीती आपल्या समाजांत फार दिवसांपासून चालत आल्या आहेत. एक, अन्न शिजवून पानांत वाढावयाचें. दुसरी, डाळ, तांदूळ, तूप, मीठ असा शिधा द्यावयाचा, आणि घेणारानें तो आपल्या चुलीवर आपल्या रुचीप्रमाणें रांधावयाचा. पहिलींत सोय अधिक. दुसरींत स्वाधीनता अधिक. हा भेद ज्याच्या ध्यानांत आहे, त्यास संगणकाच्या जगांत 'जेंटू' नांवाच्या प्रणालीविषयीं निघालेला प्रश्न समजावयास कठीण पडणार नाहीं. घरोघरीं संगणक आल्यामुळें हा प्रश्न आतां केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाहीं. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

संगणकाचा कोणताही कार्यक्रम आधीं मनुष्यास वाचतां येईल अशा संकेतभाषेंत लिहिला जातो. त्या लेखनास सोर्स कोड म्हणतात. आपण त्यास मूळ संहिता म्हणूं. यंत्रास मात्र ही संहिता जशीच्या तशी उमगत नाहीं. 'कम्पायलर' नांवाचें साधन तिचें यंत्राच्या आज्ञांत रूपांतर करतें, व त्या रूपांतरास 'बायनरी' म्हणतात. संहिता हा शिधा, कम्पायलर ही चूल, आणि बायनरी हें सिद्धान्न. सिद्धान्न लगेच सेवन करतां येतें. परंतु त्यांत काय काय पडलें आहे हें नुसतें पाहून सांगणें दुष्कर असतें. संहितेंत तें उघड वाचतां येतें.

हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनीं १९९१ सालीं लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. त्याभोवतीं निरनिराळ्या मंडळींनीं पूर्ण प्रणाली रचल्या. १९९३ सालीं सुरू झालेल्या डेबियनप्रमाणें त्यांपैकीं बहुतेक प्रणाली ग्राहकास तयार बायनरीच देतात. डॅनियल रॉबिन्स ह्यांनीं स्थापिलेल्या जेंटूनें उलट वाट धरली. तिची १.० ही आवृत्ति २००२ सालीं निघाली. तिच्या 'पोर्टेज' नामक व्यवस्थेंत प्रत्येक कार्यक्रमाचा पाकविधि लिहून ठेवलेला असतो. त्यास 'ईबिल्ड' म्हणतात. 'इमर्ज' ही आज्ञा दिली कीं मूळ संहिता उतरून घेतली जाते, आणि आपल्याच यंत्रावर तिची बायनरी सिद्ध होते. शिवाय 'यूझ फ्लॅग' नांवाच्या खुणांनीं काय घ्यावें व काय गाळावें हें ठरवितां येतें. ज्याच्या घरीं छपाईचें यंत्रच नाहीं, त्यानें छपाईचा भाग गाळावा. इतकी ही मोकळीक सूक्ष्म आहे.

ह्या स्वाधीनतेचें मोल वेळानें चुकवावें लागतें. लहान कार्यक्रम मिनिटांत सिद्ध होतो. पण ब्राउझर किंवा लिबरऑफिससारखा मोठा असला, म्हणजे जुन्या यंत्रास कित्येक तास लागतात, आणि तोंवर दुसरें काम रखडतें. एकत्र कुटुंबांत संगणक एक, आणि त्यावर एकाचा अभ्यास, दुसऱ्याचा हिशेब व तिसऱ्याचा पत्रव्यवहार चालावयाचा. अशा ठिकाणीं हें व्रत कोणास झेपणार? ही अडचण ओळखून फायरफॉक्स व लिबरऑफिस ह्यांचीं तयार रूपें जेंटूंत पूर्वींपासून ठेवलेलीं होतीं. एका यंत्रावर केलेली बायनरी दुसऱ्यास देण्याची सोयही पोर्टेजमध्यें होती. सर्वांस पुरेल असें मोठें पाकगृह तेवढें नव्हतें.

तें २९ डिसेंबर २०२३ रोजीं जाहीर झालें. घरगुती संगणकांत बहुधा आढळणाऱ्या 'एएमडी६४' जातीच्या, तसेंच 'एआरएम६४' जातीच्या प्रोसेसरांसाठीं २० गिगाबाइटांहून अधिक तयार बायनरी भांडारांत ठेवण्यांत आल्या. लिबरऑफिस, केडीई प्लाझ्मा, ग्नोम, डॉकर असे अवजड कार्यक्रम त्यांत आहेत. इतर जातींच्या यंत्रांसाठीं मूलभूत प्रणालीपुरती व्यवस्था ठेवली. योजनेंतील मर्म असें कीं, ही सोय ज्यानें मागितली त्यालाच मिळते. ती मागितल्यावरही पोर्टेज आधीं तयार बायनरी आपल्या खुणांशीं जुळते कीं नाहीं हें पाहतें. जुळली तर घेतें, न जुळली तर संहिता आणून घरींच रांधतें. एकाच पंगतींत दोन्ही पदार्थ सुखानें नांदतात.

तथापि 'मग जेंटूचें जेंटूपण काय उरलें ?' असा आक्षेप येतोच. त्यांतील एक भाग वेगाचा. तयार बायनरी सर्वसाधारण प्रोसेसर धरून केलेली असते, विशिष्ट यंत्रास बेतून नव्हे. परंतु नेहमींच्या लेखनवाचनांत हा फरक बहुधा जाणवत नाहीं. दुसरा भाग विश्वासाचा, आणि तो गंभीर आहे. ह्या बायनरींवर सांकेतिक स्वाक्षरी असते खरी. पण स्वाक्षरीनें स्वयंपाक कोणी केला हें कळतें, पातेल्यांत काय पडलें हें कळत नाहीं.

मग घरची चूल सर्वस्वीं निर्धोक समजावी काय ? केन थॉम्प्सन ह्यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत दाखविलें कीं, कम्पायलरच दूषित असेल, तर निर्दोष संहितेंतूनही सदोष बायनरी निपजूं शकते. २०२४ सालीं तर खुद्द शिध्यांतच विष सांपडलें. 'एक्सझेड' ह्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ ह्या आवृत्तींच्या गठ्ठ्यांत कोणीं चोरवाट घुसडली होती. दूरच्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब होतो, एवढ्या क्षुल्लक लक्षणावरून आंद्रेस फ्रॉइंड ह्यांनीं माग काढला, आणि २९ मार्चला ती गोष्ट जगापुढें मांडली. तात्पर्य, शुद्धता चुलीवर अवलंबून नसते. शोधक दृष्टीवर असते. आणि त्या दृष्टीस वाव मिळावा म्हणून संहिता उघडी राहिली पाहिजे.

जेंटूनें नेमकें हेंच राखलें आहे. सिद्धान्न वाढलें, पण शिधा बंद केला नाहीं; पाकविधीची वही कुलुपांत ठेवली नाहीं. गणिताच्या पुस्तकांत शेवटीं उत्तरें छापलेलीं असतात, म्हणून कोणी रीति शिकविणें सोडीत नाहीं. जुन्या संगणकावर शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनीं तयार बायनरी अवश्य घ्याव्या. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं, आणि वांचलेला वेळ अभ्यासाच्या उपयोगीं पडेल. मात्र महिन्यांतून एखादा लहानसा कार्यक्रम निवडून त्याचा ईबिल्ड वाचावा, एखादी खूण बदलावी, आणि तो स्वहस्तें सिद्ध करून पाहावा. ज्या घरांत एकास तरी ही विद्या येते, त्या घरास तयार पदार्थ घेण्याची भीति बाळगण्याचें कारण नाहीं.