कॉपी आहे, पण खोटी नाही! ब्रुगेल बापलेकांच्या चित्रांची गोष्ट

फ्रान्समधल्या एका घरात टीव्हीच्या खोलीत, दाराआड एक जुनं चित्र टांगलेलं होतं. घरच्यांना वाटायचं, ही कसली तरी नक्कल. मार्च २०२३ मध्ये पॅरिसच्या लिलावात ते ७ लाख ८० हजार युरोंना विकलं गेलं! विशेष म्हणजे, याच चित्राच्या डझनावारी प्रती जगात आहेत. मग एवढी किंमत कशाची?

चित्रकार कोण?
पीटर ब्रुगेल धाकटा (१५६४-१६३८). त्याचे वडील थोरले पीटर ब्रुगेल. आजच्या बेल्जियममधल्या खेड्यांतली लग्नं, नाच, सणवार रंगवून त्यांनी नाव कमावलं. १५६९ मध्ये ते गेले, तेव्हा मुलगा जेमतेम पाच वर्षांचा होता. वडिलांची चित्रं मोजकीच, मागणी मात्र प्रचंड. मग मोठा झाल्यावर मुलाने अँटवर्पच्या आपल्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ मुलांना हाताशी धरून त्यांच्या प्रती काढायला सुरुवात केली.

प्रती कशा काढायचे?
आधी कागदावर पूर्ण आकाराचं रेखाटन. मग त्याच्या रेषांवर सुईने बारीक भोकं पाडायची, कागद लाकडी फळीवर ठेवायचा आणि वरून कोळशाची पूड मारायची. खाली ठिपके उमटतात, ते जोडले की चित्र तयार. आपल्याकडे भरतकामाची नक्षी कापडावर अशीच उतरवतात. आज इन्फ्रारेड कॅमेऱ्याने रंगाखालचे हे ठिपके काही चित्रांत दिसतात.

मग महत्त्व कशाला?
कारण मूळ चित्रातून पुसलं गेलेलं कधीकधी प्रतीत टिकून राहतं. थोरल्या ब्रुगेलचं १५५९ चं ‘कार्निव्हल आणि लेंट यांची लढाई’ हे चित्र व्हिएन्नात आहे. उपवासाच्या काळाआधीचा हा सण गोव्यातही साजरा होतो. या चित्रात गर्दी आहे, धमाल आहे; आणि मृतदेहही होते. पुढे कुणीतरी ते रंगाखाली झाकले. मुलाच्या प्रतींमध्ये मात्र ते दिसतात. मूळ चित्र कसं होतं, हे सांगणारा तो पुरावाच.

नकली चित्र आणि वर्कशॉपची प्रत यात हाच फरक. नकली चित्र फसवण्यासाठी काढतात. ही प्रत मात्र त्या काळी उघडपणे, प्रत म्हणूनच विकली जायची. म्हणून म्युझियममध्ये चित्राखाली ‘वर्कशॉप ऑफ’ असं दिसलं, तर लगेच पुढे जाऊ नका. जरा थांबून नीट बघा.