मागील आसाची निवड

कापसाचा हंगाम सुरू झाला की तलमडुगुच्या परिसरातून आदिलाबादच्या बाजाराकडे गाड्यांची रीघ लागते. ट्रॅक्टर, टेम्पो आणि क्वचित एखादी बैलगाडीही त्या रांगेत दिसते. रस्त्याच्या कडेला उभी राहून आमची मुले कोणत्या गाडीचे इंजिन किती अश्वशक्तीचे यावर मोठ्या हिरिरीने वाद घालतात. परंतु गाडीचा आस कसा आहे, असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी आम्हांस अजून भेटावयाचा आहे. आस गाडीखाली असतो, धुळीने माखलेला असतो आणि मोडेपर्यंत कोणाच्या नजरेस येत नाही. गेल्या उन्हाळ्यातील एका प्रसंगाने त्याच्याकडे आमचे लक्ष वेधले. तो विषय विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचा एक माजी विद्यार्थी आता स्वतःची शेती पाहतो. त्याने एक जुनी जीप विकत घेतली होती. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबईत अमेरिकन विलीज जीप जुळविण्यास प्रारंभ केला आणि पुढे विलीजच्या सीजे-३बी या नमुन्याच्या धर्तीवर कित्येक वर्षे जीपगाड्या बनविल्या. त्यांपैकीच ही एक. तिच्यात दुप्पट जोराचे इंजिन बसवावे, मागे कापसाची ट्रॉली जोडावी आणि सणावारी घरच्या मंडळींस घेऊन महबूब घाटातून निर्मळला जावे, असे त्याचे मनोरथ होते. "सर, इंजिन पाहून ठेवले आहे. भंगाराच्या दुकानात मागचा एक्सलही मिळतो आहे. आपण एकदा बरोबर चला," असे तो म्हणाला. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. म्हणून गावातील एका अनुभवी मिस्त्रींना सोबत घेतले. पुढे जे लिहितो त्यातील बराचसा भाग त्यांच्याच तोंडून शिकलेला आहे.

बैलगाडीचा आस आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तो स्वतः फिरत नाही, चाके त्याच्याभोवती फिरतात. त्याचे काम एकच : भार वाहणे. मोटारीच्या मागील आसास मात्र दोन कामे करावी लागतात. गाडीचा भार तर त्याने वाहावयाचाच, शिवाय इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचवावयाचा. लोखंडी कवचाच्या पोटात एक लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चाकास फिरविते, ते क्राउन. क्राउनपासून दोन्ही बाजूंस दोन दांडे निघतात आणि चाकांना फिरवितात. वळणावर बाहेरच्या चाकास अधिक अंतर कापावे लागते आणि आतल्यास कमी. म्हणून क्राउनसोबत डिफरन्शियल नावाची चक्ररचना बसविलेली असते. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर याने १८२७ च्या सुमारास आपल्या वाफेच्या गाडीसाठी ती योजिली होती.

आता निवडीकडे वळू. पहिली कसोटी बळाची. इंजिन दांड्यास जो पिळवटणारा जोर देते, त्यास आपण 'पीळ' म्हणू. इंजिनाचा पीळ १०० धरला तर या जुन्या जीपच्या पहिल्या गिअरमध्ये तो सुमारे २८० होतो. क्राउन-पिनियन त्यास आणखी ५.३८ पटींनी वाढविते. म्हणजे आसाच्या दांड्यांकडे पोहोचेपर्यंत तो सुमारे १,५०० होतो. इंजिन दुप्पट जोराचे बसविले की हाच आकडा ३,००० वर जातो. रिकाम्या गाडीचे चाक अशा वेळी जागच्या जागी घसरते आणि जोर वाया जातो. परंतु भरलेल्या गाडीचे चाक जमीन सोडीत नाही, आणि मग सारा पीळ दांड्यावर येतो. येथे एक गणित लक्षात ठेवण्याजोगे आहे. भरीव गोल दांड्याचे पीळ सोसण्याचे बळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. एक इंचाऐवजी सव्वा इंच व्यासाचा दांडा घेतला तर बळ सव्वापट नव्हे, जवळजवळ दुप्पट होते. भूमितीच्या तासाला घनाचा अर्थ विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण पुरे व्हावे.

मोठे इंजिन आणि दुबळा आस यांची गाठ काय परिणाम घडविते, हे अमेरिकेतील कारखानदारांना चांगले ठाऊक होते. १९६४ मध्ये पॉन्टिॲक जीटीओ या मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे भले मोठे इंजिन बसविले गेले आणि तेथे 'मसल कार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दांडग्या गाड्यांची स्पर्धा सुरू झाली. फोर्ड कंपनीचा १९५७ पासून निघालेला नऊ इंची आस त्या काळी नावाजला. नऊ इंच हा त्याच्या क्राउनचा व्यास. क्रायस्लर कंपनीने तर १९६६ मध्ये ४२६ घनइंचांच्या हेमी इंजिनाच्या, हाताने गिअर बदलावयाच्या गाड्यांना डाना ६० हा मालवाहू गाड्यांच्या तोलाचा आस दिला. आजही अशी जुनी गाडी नव्याने बांधणारा जाणता मनुष्य इंजिनाबरोबरच आसाचीही निवड करतो.

दुसरी कसोटी प्रमाणाची. ५.३८ चा अर्थ असा की पिनियनचे ५.३८ फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो. हा आकडा मोठा असेल तर ओढ वाढते, पण त्याच वेगासाठी इंजिनास अधिक धावावे लागते. जीपच्या चाकाचा एक फेरा सुमारे सव्वादोन मीटरांचा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना सरळ गिअरमध्ये या जीपचे इंजिन मिनिटास सुमारे २,४०० फेरे घेते. आसाचे प्रमाण ३.७३ असते तर सुमारे १,६५० फेऱ्यांत काम भागले असते. सपाट महामार्गावर दौडावयाचे असेल तर लहान आकडा बरा. चढण चढावयाची आणि ट्रॉली ओढावयाची असेल तर मोठा.

तिसरी कसोटी रचनेची. काही आसांत गाडीचा भार फिरणाऱ्या दांड्यावरच असतो. असा दांडा टोकाशी मोडला तर चाकच गाडीपासून सुटू शकते. मोठ्या मालमोटारींत भार कवचावर घेतलेला असतो. तेथे दांडा मोडला तरी गाडी थांबते, पण चाक जागेवर राहते. आपल्या जीपचा मागील आस पहिल्या प्रकारचा. भरल्या गाडीने घाट उतरताना या भेदाचे मोल काय, हे सांगावयास नको. यांखेरीज आसाची लांबी, पाट्यांच्या बैठका, ब्रेक आणि मधल्या गोळ्याची जागा हे सर्व जुळावे लागते. जुन्या जीपमध्ये हा गोळा मधोमध नसून एका बाजूस असतो.

भंगाराच्या दुकानातील तो आस चांगला जाडजूड होता आणि किंमतही बेताची होती. आमचा विद्यार्थी पैसे काढू लागला, तोच मिस्त्रींनी त्यास थांबविले आणि आमच्या खिशातील खडू मागून घेतला. पिनियनच्या तोंडावर एक खूण केली, चाकाच्या बाजूस दुसरी. एक बाजू घट्ट धरून ठेवावयास सांगून दुसरी बाजू बरोबर दोन वेळा फिरविली. पिनियनचे फेरे भरले पावणेचारांहून किंचित कमी. मग घरी येऊन जीपची चाके दगडांनी अडविली, पुढील एक चाक उचलून खाली भक्कम ठोकळे दिले आणि तेथेही तसेच मोजले. फेरे भरले सव्वापाचांहून थोडे अधिक.

"पुढचा आस एक सांगतो आणि मागचा दुसरे. चिखलात चारही चाकांना जोर दिलात की दोघे एकमेकांशी झगडतील आणि जो दुबळा असेल तो मोडेल," असे मिस्त्री म्हणाले. आमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात चारही चाकांचा जोर घेतल्याशिवाय जीप हलत नाही. म्हणजे ज्या दिवशी गाडीची खरी गरज, त्याच दिवशी ती बंद पडावयाची! इंजिनाच्या बदलासंबंधी आम्ही एवढेच सांगितले की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा फेरफारांस मर्यादा घालते, तेव्हा नोंदणी अधिकाऱ्यांस विचारल्यावाचून काही करू नये.

दोन दिवस तो खिन्न होता. वर्षभराच्या कापसाचे पैसे हाती होते आणि मनात भरलेली गाडी दूर जात होती. अखेर त्याने मूळचेच इंजिन ठेवले. मूळचा मागील आस उघडून त्याची बेअरिंगे, तेलाची सीले आणि एक झिजलेला दांडा तेवढा बदलला. आता त्याच्या ट्रॉलीत पूर्वी योजिला होता त्याहून कमी कापूस असतो आणि त्यास बाजाराची एक फेरी जादा करावी लागते. परंतु त्याच जीपमधून त्याची वृद्ध आई आणि लहान मुले घाट उतरून सुखरूप घरी येतात.

विद्यार्थिमित्रहो, गाडी घेताना इंजिनाचा आकडा जरूर विचारा. मात्र तो जोर कोण वाहणार, हेही त्याच वेळी विचारा. आणि उत्तर कोणी तोंडी दिले तर खिशात खडूचा एक तुकडा ठेवा व स्वतः मोजून पाहा.