आई निजलेली असताना

दसरा झाला की गावोगावचे घट उठतात आणि तुळजापूरची वाट माणसांनी भरू लागते. आश्विन शुद्ध एकादशीच्या पहाटे तुळजाभवानी पलंगावर निजते, ती उठते कोजागरीला. या पाच दिवसांत सोलापूरकडून, कर्नाटकातून माणसं अनवाणी तिच्याकडे निघतात. सोलापूर ते तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर. मी ही वाट पहिल्यांदा आत्याचं बोट धरून चाललो. तळे हिप्परग्यापर्यंत हौस होती, तामलवाडीला पाय बोलायला लागले. तिथे एका अनोळखी आजीनं मला समोर बसवून तळव्यांना खोबरेल चोळलं आणि परडी उचलून पुढे गेली.

ही देवी निजू शकते, कारण तिची मूर्ती चल आहे. सिंहासनावरून हलवता येते. वर्षातून तीनदा ती पलंगावर जाते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. महिषासुराशी लढून दमलेल्या आईला विसावा द्यायचा, ही श्रमनिद्रेमागची भावना. देवाला थकवा येतो हे मानणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

आणि तो पलंग! जत्रेत मला सगळ्यात ओढ त्याचीच. तो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात घडतो, जुन्नर, नगर अशी गावं घेत खांद्यांवरून तुळजापूरला येतो. पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, तिथल्या भगत घराण्याच्या मानाची. दोन्ही दर वर्षी नवीन. वाटेत बायाबापड्या पलंगाला हळदकुंकू वाहतात, लेकरांना त्याखालून काढतात. एका साली मी रस्त्याकडेला उभा होतो. पलंग टेकला तेव्हा जवळ गेलो. कुंकवाखाली सागाच्या रेषा दिसत होत्या, अन् एका खुराला कुणीतरी बांगडी अडकवली होती. जी बाई स्वतः तुळजापूरला पोचणार नाही, तिची बांगडी पलंगाबरोबर पोचते. सुतार एका गावचा, खांदे दहा गावांचे, बांगडी अकराव्या गावची. इतक्या गावांनी मिळून एक अंथरूण घालायचं, याहून जिव्हाळ्याची जत्रा मला ठाऊक नाही.

सीमोल्लंघनाच्या पहाटे मूर्तीला एकशे आठ साड्या गुंडाळतात. सिंहासनावरची रेखीव मूर्ती तेव्हा कापडाचं मोठं गाठोडं दिसते. आत्याच्या भाषेत, ‘थंडीत दुलईत गुरफटलेली पोर’. पालखीतून प्रदक्षिणा होते, पिंपळाच्या पारावर टेकतात, कुंकू असं उधळतात की दिवे लाल दिसतात. ‘आई राजा उदो उदो’च्या गजरात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग पलंग.

इतिहासही सांगायला हवा. बालाघाटाच्या कुशीतलं हेमाडपंती वळणाचं देऊळ, राजे शहाजी महाद्वारातून पायऱ्या उतरून जावं लागतं. वाटेत कल्लोळ आणि गोमुख तीर्थं. ही देवी भोसल्यांची कुलस्वामिनी. 1659मध्ये अफझलखानाच्या स्वारीची झळ इथे पोचली. 1948पर्यंत गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. संस्थानाची सरहद्द ओलांडूनही सोलापूरची माणसं येत राहिली.

इथल्याच भारतीबुवांच्या मठात देवी सारीपाट खेळायला येते, अशी श्रद्धा आहे. मी तो मठ दोनदा पाहिला. दुपारच्या शांततेत तिथे बसलं की डाव नुकताच मोडून कुणी आत गेलंय असं वाटतं.

कोजागरीला मंदिराच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. कवड्यांच्या माळा, पोत, परड्या, कुंकवाचे ढीग. दुकानदार ढिगावर वाटी उलटी दाबून कुंकवाचं टोक काढतो. गिऱ्हाईक आलं की ते मोडतं, तो परत काढतो. आराधी बायका कवड्यांची माळ विकत घेताना एकेक कवडी नखाखाली तपासतात, गळ्यात घालायची ती फुटकी नको. रात्री छबिना निघतो, सोलापूरच्या मानाच्या काठ्या नाचत येतात. संबळ ऐकावा तर इथे. डाव्या हाताचा घुमारा पोटात शिरतो आणि उजव्याची टिपरी कानशिलावर वाजते.

त्या पहिल्या वाटचालीच्या पुढच्या वर्षी आत्या पलंगावरच्या दर्शनाला आधीच आली आणि पौर्णिमेपर्यंत धर्मशाळेत राहिली. मी विचारलं, दर्शन झालं ना, मग थांबलीस कशाला? ती परडीतलं पीठ चाळत होती.

“निजलेली बघितली रे,” ती म्हणाली. “उठलेली बघून येते.”